ग्रंथकर्त्याने प्रसिद्ध केले

ग्रंथकर्त्याने आपला ग्रंथ आपणच प्रसिद्ध करावा ही गोष्ट आजच्या मराठी वाङ्मयव्यवहारात काहीशा संकोचाने सांगितली जाते. पुस्तक स्वखर्चाने काढले असे म्हटले की ऐकणारा मनाशी तर्क करतो की, ते कोणा प्रकाशकाने स्वीकारले नसावे. आणि ते पुस्तक रहस्यकथेचे असले म्हणजे तर त्या तर्कासाठी अन्य पुराव्याची अपेक्षाही त्याला उरत नाही. मला हा संकोच मान्य नाही. माझी रहस्यकादंबरी मी चंद्रपुरात राहून, निवृत्तिवेतनातून शिल्लक टाकलेल्या रकमेतून, माझ्याच नावाने प्रसिद्ध केली आणि चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या दोन जिल्ह्यांत स्वतः हिंडून विकली. या व्यवहारात जे दिसले ते माझ्या एका पुस्तकापुरते नाही अशी खात्री झाल्यामुळेच हे लिहावयास घेतले आहे.

एकोणिसाव्या शतकातील मराठी पुस्तक उघडले की पहिल्याच पानावर, सन १८६७ च्या २५व्या आक्टाप्रमाणे पुस्तकाची नोंद झाली असून त्याचे सर्व हक्क ग्रंथकर्त्याने आपणाकडे ठेविले आहेत, अशा अर्थाचा मजकूर बहुधा आढळतो. छापखान्याशी करार करावयाचा, आश्रयदाते आणि वर्गणीदार आधी मिळवावयाचे, आणि मग छपाईस हात घालावयाचा, हा त्या काळच्या पुष्कळ लेखकांचा शिरस्ता होता आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ साली निघाली ती स्वतःच्या बळावर. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढून आपल्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः दिल्या. म्हणजे मराठी कादंबरीला ज्याने प्रौढत्व आणले त्या लेखकाने वाचकाकडे जाण्याचा रस्ता आपल्याच हाताने बांधला. आणि त्याच्याही पूर्वी, हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली लोकांनी वाचली ती कारस्थानांसाठी, वियोगांसाठी, पुढे काय झाले या एका उत्कंठेसाठी. उत्कंठेने पान उलटणारा हा वाचक मराठी कादंबरीचा आद्य वाचक आहे, आणि त्याला दुय्यम मानण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला हे मला अद्याप कळलेले नाही.

आमच्या विदर्भातील एक उदाहरण मला नेहमी धीर देते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. त्या बाईंनी पुन्हा दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही. जवळजवळ शंभर वर्षे ते पुस्तक लोकांच्या स्मरणातून नाहीसे झाले होते, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणले तेव्हा महाराष्ट्राला कळले की आपल्याच एका आडगावच्या स्त्रीने केवढे धैर्याचे लिहून ठेवले आहे. त्या ५०० प्रतींपैकी एखादी तरी कोठे जतन झाली नसती तर पुढचे काहीच घडले नसते. माझी कादंबरी त्या योग्यतेची नाही, तिचा हेतूही निराळा आहे. परंतु छापील प्रतीचे आयुष्य लेखकाच्या आयुष्याहून आणि समकालीनांच्या उपेक्षेहून दीर्घ असू शकते हे ज्याने एकदा पाहिले, त्याला प्रतींच्या संख्येची भीती वाटेनाशी होते. मीही ५००च प्रती छापविल्या.

रहस्यकथेच्या वाट्याला मात्र हे जतन होण्याचे भाग्यसुद्धा क्वचितच आले. चंद्रकांत सखाराम चव्हाण, म्हणजेच बाबूराव अर्नाळकर, यांनी १९०६ ते १९९६ या आपल्या दीर्घ आयुष्यात हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही नावे ठाऊक नसलेले मराठी घर त्या काळी शोधून सापडले नसते. नारायण धारपांनी भयकथेला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली, सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी आणि दारा बुलंद यांच्या मागे एक संपूर्ण पिढी धावत ठेवली, गुरुनाथ नाईकांनी शेकड्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. ही पुस्तके फिरत्या वाचनालयांतून दिवसाच्या भाड्याने हातोहात फिरली, झिजली, शिवण सुटून पाने निखळली आणि रद्दीत गेली. वाचकांनी ती अक्षरशः वाचून संपविली. पण ज्या संस्थांनी ती सांभाळावयाची त्यांनी त्यांची दखल घेतली नाही. आज अर्नाळकरांची सगळी पुस्तके एका ठिकाणी पाहू म्हणणाऱ्याला दारोदार हिंडावे लागते, ही मला मराठी ग्रंथालयांची मोठी उणीव वाटते.

आता माझ्या कादंबरीविषयी. माझे आयुष्य महसूल खात्यात दप्तरे सांभाळण्यात गेले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, जुन्या दप्तरांची वाटणी सुरू झाली, तेव्हा नवखा कारकून म्हणून गठ्ठे सोडताना आणि बांधताना जे कागद नजरेखालून गेले, त्यांनीच माझ्यातील कथालेखक जागा केला असे मी मानतो. पंचनामे, जबान्या, मुद्देमालाच्या याद्या, कोठे अंगठ्याचा ठसा तर कोठे अर्धवट सही: माणसाने काय लपविले आणि कसे लपविले याचा इतका साक्षेपी लेख अन्यत्र सापडणार नाही. माझी कादंबरी आलापल्लीच्या बाजूला असलेल्या एका सागवान डेपोत घडते. इमारती लाकडावर वनखात्याची निशाणी उमटविणारा हातोडा एका रात्री नाहीसा होतो, दुसऱ्या दिवशी डेपोचा कारकून नाल्यात मृत सापडतो, आणि तपास लागतो तो पिस्तुलाने नव्हे, तर नाक्यावरची नोंदवही, वाहतूक परवान्याची स्थळप्रत आणि तलाठ्याचे दप्तर यांतील तीन तारखांचा मेळ बसत नाही हे एका तहसिलीतील अव्वल कारकुनाच्या ध्यानात आल्यामुळे.

हस्तलिखित मी ज्या प्रकाशनसंस्थेकडे पाठविले तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथील संपादकांनी ते आस्थेने वाचले आणि पत्रही सविस्तर लिहिले. कथानक बांधीव आहे, भाषा स्वच्छ आहे, परंतु गडचिरोलीची कादंबरी म्हटल्यावर वाचक नक्षलवाद्याची वाट पाहील, आणि तो या कथेत नाही. निदान एक वाघ तरी मध्यवर्ती असावा. कूप, फळी, मंडई, मुकादम या शब्दांना तळटीपा द्याव्यात, किंवा डेपो सोडून कथा एखाद्या शहरात हलविता आली तर उत्तमच, असा त्या पत्राचा आशय होता. मी ते पत्र पुनःपुन्हा वाचले. त्यातील एकही वाक्य दुष्टपणाचे नव्हते, आणि म्हणूनच त्याने मला अधिक अस्वस्थ केले. आमच्या भूमीविषयी बाहेरच्या जगाने दोनच गोष्टी ऐकावयाच्या ठरविल्या आहेत, बंदूक आणि वाघ. येथे माणसे लोभाने, मत्सराने, बढतीच्या आशेने, मुलीच्या लग्नाच्या कर्जाने गुन्हा करतात, आणि तो गुन्हा उघडकीस आणणारी माणसेही येथेच राहतात, ही साधी गोष्ट कथेत यावयाची तर तिला आधी परवानगी काढावी लागते. ज्या दिवशी मला हे स्पष्ट दिसले त्या दिवशी कादंबरी मी स्वतःच प्रसिद्ध करावयाचे ठरविले. तळटीपा दिल्या नाहीत. फळी म्हणजे तेंदूपत्ता गोळा करण्याची जागा, हे ज्याला ठाऊक नाही तो दोन पानांत संदर्भाने समजून घेतो. पुण्यामुंबईच्या कादंबऱ्या वाचताना आम्ही आयुष्यभर तेच केले आहे.

छपाईचा तपशील सांगण्यात मला आनंद वाटतो, कारण तो शिकताना वाटला. हस्तलिखित युनिकोडमध्ये टंकित झाले होते. छापखान्यातील अक्षरजुळणी श्रीलिपीत. एका लिपिसंचातून दुसऱ्यात मजकूर गेला की रफार आपली जागा सोडतात, जोडाक्षरे फुटतात, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, आणि हे सारे डोळ्यांत तेल घालून पुन्हा जागेवर आणावे लागते. प्रकाशकाकडे या कामासाठी मुद्रितशोधक असतो. येथे मीच होतो. मजकूर सोळा पानांच्या फर्म्यांत बसवावा लागतो, म्हणून एखादे प्रकरण दोन ओळींनी आटोपते घ्यावे लागले. प्रत्येक ओळ अशी बोट ठेवून वाचली की लेखकाला आपले वाक्य किती सैल आहे हे जसे कळते तसे कोणत्याही समीक्षेने कळत नाही. थोड्या प्रती काढावयाच्या तर डिजिटल छपाई परवडते, प्रतींची संख्या वाढली की ऑफसेट स्वस्त पडते, आणि त्या दोहोंच्या सीमेवर माझी ५०० ची आवृत्ती उभी होती. मी ऑफसेट घेतली.

कागद बल्लारपूरचा हवा असा आग्रह मी धरला आणि तो पुरा झाला. हा हट्ट भावनेचा होता हे खरे, पण त्या भावनेला इतिहास आहे. बल्लारपूरची पेपर मिल १९४५ साली निघाली, आणि आमच्या जंगलांतील बांबू तिच्या यंत्रांत जात आला. बांबू आमचा, कागद आमच्या दारात तयार होणारा, पण त्यावर छापलेली पुस्तके मात्र दूरच्या शहरांत सिद्ध होऊन, त्यांच्या किमती तेथे ठरून, आमच्या बसस्थानकावर विकावयास येणार: या व्यवस्थेत आमच्याकडून केवळ कच्चा माल मागितला जातो. लाकूड, कोळसा, बांबू, आणि कथासुद्धा. कारण आमच्या जंगलावर लिहिण्यासाठी लेखक बाहेरून येतात, आठवडाभर विश्रामगृहात राहतात आणि पुस्तक घेऊन जातात.

म्हणूनच स्वप्रकाशनाचा विचार करताना मला एखाद्या लेखकापेक्षा एक गाव अधिक आठवते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाच्या ग्रामसभेने आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क वनहक्क कायद्याने मिळविला. तो मिळूनही तोडलेला बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना द्यावयाचा कोणी, हा वाद शिल्लक राहिला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि गावाने आपला बांबू आपल्या शिक्क्याने विकला. त्या दिवसापूर्वीही बांबू तोडणारे हात त्याच गावाचे होते, मजुरीही मिळत होती. बदलले ते एवढेच की मालाचा भाव आणि मालावरची सही गावाची झाली. पुस्तकाच्या बाबतीत मी याहून निराळे काही केलेले नाही. प्रकाशकाशी माझे वैर नाही. चांगला प्रकाशक हा लेखकाचा मोठा आधार असतो. पण ज्या मुलखात तो आधार पोहोचत नाही तेथे लेखकाने परवान्याची वाट पाहत बसू नये, असे मेंढ्याकडे पाहून मला वाटते.

नोंदणीचे काम मात्र मी अतिशय निगुतीने केले, आणि स्वतः पुस्तक काढणाऱ्या प्रत्येकाने ते करावे. राजा राममोहन रॉय यांच्या नावाने चालणारी केंद्र सरकारची संस्था पुस्तकाला आयएसबीएन क्रमांक विनामूल्य देते आणि तो लेखकालाही मिळू शकतो. त्यासाठी कोणा मध्यस्थाला पैसे मोजण्याचे कारण नाही. १८६७ चा तो जुना आक्ट आता राहिला नाही, आणि त्याच्या जागी २०२३ साली आलेल्या कायद्यात पुस्तकांना स्थान नाही. परंतु १९५४ चा ग्रंथ-प्रदान कायदा आहे, आणि त्यान्वये प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि मुंबई, मद्रास व दिल्ली येथील ग्रंथालयांस धाडावयाची असते. लहान प्रकाशक हे कर्तव्य पुष्कळदा विसरतात. मी त्या चार प्रती बांधल्या तेव्हा ताराबाईंच्या पुस्तकाचा विचार माझ्या मनात होता. अलीपूरच्या त्या विस्तीर्ण राष्ट्रीय ग्रंथालयात आलापल्लीच्या डेपोची एक गोष्ट कोठेतरी आहे, ही कल्पना मला विक्रीच्या हिशेबापेक्षा अधिक समाधान देते.

विक्रीचा हिशेब थोडक्यात सांगतो. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, कागदावर आहे. विक्रेत्याला भरघोस सूट द्यावी लागते आणि उधारीचा तगादा लावण्याचे कामही लेखकाकडेच येते. टपालखात्याने २०२४ च्या डिसेंबरात पुस्तकांसाठी असलेली नोंदणीकृत स्वस्त सेवा बंद केली, तेव्हा पुस्तकाच्या किमतीला टपालखर्च गिळू लागला. पुढे १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले, त्यात ३०० ग्रॅमपर्यंतचे पुस्तक २० रुपयांत जाते. ही सवलत शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक ग्रंथांना आहे. रहस्यकादंबरी हीदेखील एका समाजाच्या संस्कृतीचाच भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु माझी खरी विक्री टपालाने झाली नाही, ती झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, नाटकांच्या मंडपांबाहेर झाली. वैनगंगेकाठचे वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टीच्या रंगभूमीचे ठाणे. दिवाळी सरली की नाटकमंडळ्यांच्या कचेऱ्यांत गावोगावचे लोक तारखा ठरवावयास येतात, आणि मग होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांतून रात्र रात्र नाटके चालतात. मंडई असते, शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयाने पट थांबले होते तेही आता पुन्हा भरू लागले आहेत. लेकी माहेरी येतात, घर पाहुण्यांनी भरते, आणि सारे गाव थंडीत घोंगडी पांघरून उजाडेपर्यंत एक गोष्ट पाहते. त्या गोष्टीत खलनायक असतो, खून असतो, हरवलेले मूल असते, अन्यायाचा निवाडा असतो. सरकारी अनुदानाच्या आधाराशिवाय, तिकिटाच्या पैशांवर हे सारे उभे राहते. नगरवासी नाट्यरसिकांनी तिकडे फार काळ पाहिले नाही. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुष्कळांनी झाडीपट्टीचे नाव प्रथम ऐकले. पण नाव ऐकले जाण्यापूर्वीही ती रंगभूमी पूर्ण होती, कारण तिचा प्रेक्षक पूर्ण होता.

मी चांदाफोर्टहून गोंदियाच्या गाडीने पुस्तकांचे गठ्ठे घेऊन वडशाला उतरत असे आणि तेथून ज्या गावी प्रयोग असेल तेथे जात असे. मंडपाबाहेर भज्यांच्या आणि बांगड्यांच्या दुकानांच्या रांगेत एका पाटावर पुस्तके मांडावयाची. प्रथम लोक धार्मिक पोथी समजून हात जोडीत; मग मुखपृष्ठावरचा हातोडा पाहून विचारीत, “हे पुस्तक तुमीच लिवले का जी?” पुस्तक लिहिणारा माणूस समोर बसला आहे याचे त्यांना नवल वाटे, आणि मला त्यांच्या त्या नवलाचे अप्रूप वाटे. एका गावी वनखात्याच्या डेपोत हमाली केलेले वृद्ध गृहस्थ पुस्तक घेऊन गेले. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हते. नातीने ते घरात मोठ्याने वाचले. पुढच्या प्रयोगाच्या वेळी ते मला शोधीत आले आणि म्हणाले, “आमाले अर्ध्यातच मालूम झालं होतं जी तो कोन आहे तं, पन त्याले धरते कसा, हे पाहाले जागलो.”

रहस्यकथेविषयी इतके मर्मग्राही वाक्य मी कोणा समीक्षकाचे वाचलेले नाही. गुन्हेगार कोण हे शेवटपर्यंत झाकून ठेवणे हीच या वाङ्मयप्रकाराची कसोटी, असे आपण धरून चालतो. पण ज्या माणसाने आयुष्यभर पाहिले आहे की चोर कोण हे साऱ्या गावाला ठाऊक असते आणि तरी कागदावर काही येत नाही, त्याची उत्कंठा निराळी असते. कारकुनाच्या लेखणीने तो कागदावर कसा येतो, जबानी कशी फिरत नाही, मोठ्या माणसाची सही अखेर त्याच्या विरुद्ध कशी साक्ष देते, हे त्याला पाहावयाचे असते. त्याच्या दृष्टीने रहस्य न्यायाचे आहे. कादंबरी शहरात हलविली असती, तिच्यात वाघ आणला असता, तर हा वाचक मला भेटला नसता, आणि तो न भेटल्याची हानी मला कधी कळलीही नसती.

चंद्रपुरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले. १९७९ साली वामन चोरघडे अध्यक्ष होते, २०१२ साली वसंत आबाजी डहाके. या जिल्ह्यांत वाचक आहेत आणि लिहिणारेही आहेत. कविता, नाटके, माडिया गोंडी जीवनावरच्या कथा वह्यांतून पडून आहेत हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे, लिहिणाऱ्यांनी तिचा लाभ घ्यावा; तो न मिळाला तर थोड्या प्रती काढाव्यात, पण काढाव्यात, आणि चार प्रती कायद्याप्रमाणे पाठवाव्यात.

आणि आमच्या सार्वजनिक ग्रंथालयांना एक विनंती आहे. आपण १९६७ च्या ग्रंथालय कायद्यान्वये मान्यता आणि अनुदान घेता, शासनमान्य यादीतील पुस्तके घेता, ते योग्यच आहे. पण अ वर्गाच्या ग्रंथालयापासून ड वर्गाच्या एका खोलीपर्यंत प्रत्येकाने एक कपाट आपल्याच तालुक्यातील लेखकांसाठी राखावे, त्यात रहस्यकथा, भयकथा, झाडीपट्टीची नाटके यांना मज्जाव नसावा, आणि त्यातील एक प्रत घरी न देता तेथेच बसून वाचण्यासाठी ठेवावी. ज्या ग्रंथालयात असे कपाट असेल त्याने मला कळवावे. माझ्या कादंबरीची प्रत मी माझ्या खर्चाने पाठवीन.